मुद्दाम नाही केलं तिने! जाळीबाहेरच्या आईबाबांना, कोचना आणि रेफरींना एक खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र नक्की कोणाच्या नावाने लिहावं तेच दोन आठवडे ठरेना. रेफरींना लिहावं तर ते बिचारे सहा-सहा कोर्टांमध्ये एकटेच पळत असतात, कोचना लिहावं तर ते म्हणणार आधी पालकांना आवरा, आणि पालकांना लिहावं तर मी स्वतःच त्यातला एक नमुना आहे. शेवटी म्हटलं सगळ्यांनाच लिहू. अंडर-१२, अंडर-१४ च्या टुर्नामेंटला सकाळी सातपासून जाळीला नाक लावून उभे असतो ना आपण, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात केळं, आणि तोंडाने "मी काही बोलत नाहीये" म्हणत सतत बोलत असतो, त्या आपल्या सगळ्यांसाठी हे आहे. विषय एकच, हिंड्रन्स. म्हणजे पॉइंट चालू असताना समोरच्याला अडथळा आणणं.

आधी झालं काय ते सांगतो. गाव आणि स्पर्धा सांगत नाही, कारण दोष कोणा एकाचा नव्हता आणि जो होता त्यात माझा वाटा बराच होता. माझी मुलगी अंडर-१४ च्या दुसऱ्या राउंडला खेळत होती. चेअर अंपायर, म्हणजे कोर्टशेजारच्या उंच खुर्चीवर बसणारा पंच, नाही, बॉल आत की बाहेर हे मुलींनी आपलं आपण सांगायचं, नेहमीसारखं. स्कोअर ४-४, थर्टी ऑल. समोरच्या मुलीने फोरहँड असा काही सणसणीत मारला की माझ्या तोंडून "वा" निघता निघता राहिलं, पण मारल्या मारल्या ती "कम ऑऽऽन" म्हणून ओरडली आणि बॉलचा अजून आमच्या बाजूला टप्पाही पडला नव्हता. माझी पोरगी धावली, कशीबशी रॅकेट लावली, बॉल नेटमध्ये. मग थांबून हळू आवाजात म्हणाली, "हिंड्रन्स."

झालं. पुढची दहा मिनिटं टेनिस सोडून सगळं झालं. त्या मुलीचे बाबा जाळीपलीकडून ओरडले, "मुद्दाम नाही केलं तिने!" मी ओरडलो, "मुद्दामच केलंय, मागच्या गेमलाही ओरडली होती!" मग त्यांच्या बाजूच्या एक काकू म्हणाल्या की इंटरनॅशनल प्लेअर काय कमी ओरडतात का, मग आमच्या ग्रुपमधलं कोणीतरी म्हणालं की मॅनर्स घरून यावे लागतात, आणि कुठूनतरी ते वाक्य आलंच, "रडीचा डाव खेळतायत." रेफरी धावत आले, दोघींना विचारलं. दोघीही खरं बोलल्या बरं का. ती म्हणाली हो मी ओरडले पण मुद्दाम नाही, माझी मुलगी म्हणाली मला माहीत नाही मुद्दाम का पण माझं लक्ष गेलं. रेफरींनी सुवर्णमध्य काढला, लेट, पॉइंट परत खेळा. माझी मुलगी रडवेली होऊन डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून आली आणि पुढे मॅच हरली. दोन्हीकडचे पालक नाराज. दोन्ही मुली हात मिळवताना एकमेकींकडे बघत नव्हत्या, हे मात्र मी घरी आल्यावर माझ्याच मोबाइलमधल्या व्हिडिओत पाहिलं.

त्या रात्री चिडून नियम वाचायला बसलो. इतकी वर्षं क्लबात रविवारी खेळतोय पण नियमांचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, तुमच्यापैकीही बहुतेकांनी उघडलं नसणार, उगाच माना हलवू नका. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांमध्ये हा २६ नंबरचा नियम आहे आणि तो जेमतेम दोन वाक्यांचा आहे. समोरच्याने जाणूनबुजून केलेल्या कृतीमुळे तुम्हाला पॉइंट खेळायला अडथळा आला तर पॉइंट तुमचा. अडथळा नकळत झाला असेल, किंवा तुमच्या हातात नसलेल्या बाहेरच्या कशामुळे झाला असेल, तर पॉइंट परत खेळायचा. बस. एवढंच. सगळी भांडणं त्या "जाणूनबुजून" वर.

आणि इथेच आपण मराठी माणसं मार खातो असं माझं मत झालंय. इंग्रजीत तिथे जो शब्द आहे त्याचं आपण सगळे बोलताना "मुद्दाम" करतो. आता "मुद्दाम केलं" म्हणजे आपल्याकडे काय? लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलेला शब्द आहे तो, "मुद्दाम सांडलंस ना?", "मुद्दाम छळतोयस मला." म्हणजे त्यात खोड आहे, डाव आहे, मनात काळं आहे. त्यामुळे कोणी "मुद्दाम" म्हटलं की त्या मुलीच्या बापाला ऐकू येतं, तुमची मुलगी चीटर आहे. मग तो भांडणारच, मीही भांडलो असतो.

पण नियमाला ते म्हणायचंच नाहीये! अमेरिकेच्या टेनिस असोसिएशनने आपल्या नियमपुस्तकात या नियमाखाली एक टीप दिलीये, ती वाचून माझी ट्यूब पेटली. त्यात म्हटलंय की जाणूनबुजून म्हणजे खेळाडूला जे करायचं होतं ते त्याने केलं, त्याचा समोरच्यावर जो परिणाम झाला तो त्याला हवा होता की नव्हता हा प्रश्नच नाही. उदाहरण दिलंय डबल्सचं, तुमचा लॉब, म्हणजे उंच टाकलेला बॉल, आखूड पडला आणि समोरचा स्मॅश मारणार एवढ्यात तुम्ही पार्टनरला "मागे!" म्हणून जोरात ओरडलात. तुमच्या मनात काही पाप नव्हतं, पार्टनरचं डोकं फुटू नये एवढीच इच्छा होती, तरीही ते जाणूनबुजून. आणि नकळत म्हणजे काय? ज्याच्यावर तुमचा काही ताबाच नव्हता ते, वाऱ्याने टोपी उडाली, किंवा गांधीलमाशी चावली आणि तुम्ही किंचाळलात. गांधीलमाशी हा त्यांचाच शब्द आहे, मी रंगवून सांगत नाहीये.

म्हणजे प्रश्न "मनात काय होतं" हा नाहीच. प्रश्न एवढाच की तोंड तू उघडलंस का गांधीलमाशीने उघडायला लावलं. "कम ऑन" हे कोणाला गांधीलमाशी चावल्यामुळे निघत नाही. त्या हिशोबाने आमच्या मॅचमध्ये रेफरींनी एवढंच ठरवायला हवं होतं की ओरडण्याने खरंच अडथळा आला का, आला असेल तर पॉइंट सरळ माझ्या मुलीचा, नसेल आला तर सरळ त्या मुलीचा. परत खेळा हे उत्तर त्यात बसतच नव्हतं. आणि पॉइंट गेला म्हणून ती मुलगी वाईट ठरली नसती, फूट फॉल्ट झाला, म्हणजे सर्व्हिस करताना पाय रेषेवर पडला, म्हणून कोणी वाईट ठरतं का? ती वेळेच्या आधी ओरडली, एवढंच. ती बिचारी अजून तेरा वर्षांची आहे, शॉटही खरंच भारी होता.

तुम्ही म्हणाल एवढ्या लहान मुलांना एवढा कडक नियम कशाला. तर मोठ्यांचं काय झालं ते बघा. २०११ ची यूएस ओपन फायनल, ११ सप्टेंबर, सेरेना विल्यम्स विरुद्ध सॅम स्टोसर. सेरेना पहिला सेट २-६ हरलेली, दुसऱ्या सेटचा पहिलाच गेम, सर्व्हिस सेरेनाची, थर्टी-फॉर्टी. तिने फोरहँड मारला, तिला वाटलं विनर आहे, आणि ती "कम ऑन" ओरडली. पण स्टोसर पोचली, रॅकेट लागली तिची. अंपायर इव्हा असदेराकी यांनी तिथल्या तिथे पॉइंट स्टोसरला दिला आणि त्याबरोबर गेमही गेला. न्यूयॉर्कमध्ये, सेरेनाच्या देशात, सेरेनाच्या स्टेडियममध्ये! लोकांनी हुर्यो केली, सेरेना अंपायरला नाही नाही ते बोलली, नंतर तिला दोन हजार डॉलरचा दंडही झाला, आणि स्टोसर ६-२, ६-३ अशी जिंकली. तेव्हा रात्र जागवून मॅच बघताना मीही म्हणालो होतो की काय ही बाई, फायनलला कोणी असं करतं का. आज म्हणतो की बाई बरोबर होती. सेरेनाच्या मनात स्टोसरचं लक्ष उडवायचं होतं असं असदेराकींनी म्हटलंच नव्हतं, त्या एवढंच म्हणत होत्या की बॉल चालू होता आणि आवाज तुझा होता.

पण त्या प्रसंगातली एक गोष्ट मला नंतर जास्त टोचली. स्टोसरला काहीच बोलावं लागलं नाही. तिने हात वर केला नाही, मागणी केली नाही, अंपायरने आपणहून दिला. त्यामुळे चोवीस हजार लोकांपैकी कोणी स्टोसरला रडकी म्हणालं नाही, सगळा राग अंपायरवर निघाला, आणि राग झेलायचेच तर त्या खुर्चीचे पैसे असतात. आपल्याकडे ती खुर्चीच नाही. आपल्याकडे तेरा वर्षांच्या पोरीने स्वतः थांबून, समोरच्या मुलीच्या तोंडावर, जाळीला चिकटलेल्या पंधरा मोठ्या माणसांदेखत म्हणायचं की मला अडथळा झाला. आणि म्हटलं की आपण लगेच काय म्हणतो? रडीचा डाव. गल्लीत आपण म्हणायचो ना, "रडीचा डाव खडी", तेच आपण आता चाळिशी ओलांडल्यावर दुसऱ्याच्या पोरांना म्हणतोय. नियमात बसणारी गोष्ट मागितली म्हणून. मला विचाराल तर आपल्या ज्युनिअर टेनिसमधली सगळ्यात वाईट सवय हीच आहे, ओरडणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी वाईट.

बरं मोठ्यांनाही हा नियम लागतो आणि त्यात कोणाची इज्जत जात नाही याचं दुसरं उदाहरण म्हणजे जोकोविच. २०२३ विम्बल्डन सेमीफायनल, समोर यानिक सिनर. दुसऱ्या सेटमध्ये जोकोविचने बॅकहँड मारला आणि त्याचा तो ग्रंट, म्हणजे शॉट मारताना तोंडून निघणारा आवाज, लांबतच गेला, अंपायर रिचर्ड हेग यांनी हिंड्रन्स दिला, पॉइंट गेला. वर थोड्या वेळाने वेळकाढूपणाची वॉर्निंगही. तो वैतागला, वाद घातला, आणि मग गेम जिंकला, सेट जिंकला, मॅच ६-३, ६-४, ७-६ अशी जिंकली. दुसऱ्या दिवशी कोणी म्हटलं नाही की जोकोविचवर संस्कार नाहीत.

ग्रंटचा विषय निघालाच आहे तर थोडं. (ग्रंटला मराठीत काय म्हणायचं हा एक छळ आहे, कण्हणं म्हटलं तर आजारी वाटतं, हुंकार म्हटलं तर थेट ध्यानाला बसल्यासारखं.) हा वाद आपल्या पोरांच्या जन्माच्या खूप आधीचा आहे. १९९२ च्या विम्बल्डनला मोनिका सेलेसविरुद्ध आधी नताली तोझिया आणि मग सेमीफायनलला मार्टिना नवरातिलोव्हाने तक्रार केली, आणि फायनलला सेलेस आवाज दाबून खेळली आणि स्टेफी ग्राफकडून ६-२, ६-१ अशी सपाटून हरली. २००९ च्या फ्रेंच ओपनला पोर्तुगालच्या मिशेल लार्चर दी ब्रितोच्या आवाजावरून अरवान रेझाईने तक्रार केली, ब्रितो तेव्हा सोळा वर्षांची होती. म्हणजे मुद्दा सुटलेला नाहीच. माझ्यासारख्या कबड्डी बघत मोठ्या झालेल्या माणसाला सुरुवातीला गंमतच वाटायची, आमच्या खेळात आवाज बंद झाला तर चढाई करणारा बाद, आणि यांच्यात आवाज चालू राहिला तर पॉइंट बाद.

कोच मंडळींना इथे एक विनंती. ॲकॅडमीत तुम्ही "श्वास सोड, आवाज कर" शिकवता ते बरोबरच आहे, शॉटला जोर लावताना आवाज येतो, त्याला कोणाची ना नाही. पण तो आवाज बॉल मारतानाचा आहे, समोरचा मारेपर्यंतचा नाही. काही मुलं आता आवाज असा ओढतात की बॉल नेट ओलांडून पलीकडे टप्पा घेतो तरी हे चालूच. ते मोडायला हवं, आणि ते बाराव्या वर्षी मोडतं, अठराव्या वर्षी नाही मोडत. २०१२ मध्ये डब्ल्यूटीए, म्हणजे महिला व्यावसायिक टेनिसची संघटना, आणि मंडळींनीही हाच विचार केला होता, की आधीपासून खेळणाऱ्या मोठ्या खेळाडूंना आता बदलता येणार नाही, सुरुवात ज्युनिअरपासून करू. तसंच "कम ऑन" चं. बॉलचा दुसरा टप्पा पडेपर्यंत किंवा आउट जाईपर्यंत तोंड बंद, मग हवं तेवढं ओरडा, नाचा. हे बास्केट ड्रिलमध्येसुद्धा शिकवता येईल, लवकर ओरडला की पॉइंट गेला, आठवड्यात सवय लागेल.

आता नकळत होणाऱ्या गोष्टी, ज्या आपल्याकडे खरं तर जास्त होतात. शेजारच्या कोर्टचा बॉल आत घरंगळत आला, लेट. खेळात असलेला बॉल उडणाऱ्या पक्ष्याला लागला, तर पॉइंट परत खेळायचा हे तर नियमपुस्तकात उदाहरण म्हणून छापलंय, आपल्याकडचे पारवे त्यांना माहीत असावेत बहुतेक. खिशातला दुसरा बॉल पॉइंट चालू असताना पडला, पहिल्यांदा लेट, पण रेफरी तेव्हाच बजावतात की पुन्हा पडला तर पॉइंट जाईल, कारण एकदा सांगितल्यावर खिसा सांभाळणं हे तुझं काम. हे मुलांना माहीतच नसतं, दुसऱ्यांदा पॉइंट गेला की पालक पुन्हा जाळीला. आणि एक महत्त्वाचं, पॉइंट सुरू व्हायच्या आधीपासून तुमच्याच बाजूला बॉल पडलेला होता आणि तुम्ही त्यावर अडखळलात, तर तो हिंड्रन्स नाही. आधी उचलून ठेवायचा होता. फॉल्ट झालेली पहिली सर्व्हिस नेटपाशी लोळत पडलेली असते आणि आळस येतो, मला माहीत आहे.

बाहेरच्या आवाजाचंही असंच. २०१६ च्या यूएस ओपनला क्वार्टर फायनलमध्ये अँडी मरे निशिकोरीविरुद्ध खेळत होता, चौथा सेट, मरेला ब्रेक पॉइंट, आणि रॅली चालू असताना स्टेडियमच्या स्पीकरमधून घणाघाती आवाज आला. अंपायरने लेट दिला. मरे चिडला तो चिडलाच, पॉइंट परत खेळला, निशिकोरी पाच सेटमध्ये जिंकला. मरेचं दुःख मला कळतं, पण स्पीकर कोणाच्याच हातात नव्हता. आपल्याकडे शेजारच्या मंगल कार्यालयात "बहारों" सुरू झालं की काय करायचं हे मात्र मला अजून नीट कळलेलं नाही. बँड एकदा वाजायला लागला की तो दोघांसाठीही वाजतो, खेळा.

आणि आता उलट बाजू, कारण या नियमाचा दुसरा गैरवापरही मी बघतोय. कशालाही हिंड्रन्स म्हणायचं. समोरचा पुढे येऊन उभा राहिला, हिंड्रन्स. अंडरआर्म सर्व्हिस केली, हिंड्रन्स, आणि वर "ही काय पद्धत झाली का". अहो पद्धतच आहे ती. १९८९, फ्रेंच ओपन, चौथा राउंड, सतरा वर्षांचा मायकेल चँग, समोर जगातला एक नंबर इव्हान लेंडल. पहिले दोन सेट हरलेला, पायात गोळे आलेले, पाचव्या सेटमध्ये त्याने खालून सर्व्हिस टाकली आणि पॉइंट घेतला. मग मॅच पॉइंटला रिटर्न करायला हा पोरगा चालत चालत नेहमीच्या जागेच्या पार पुढे, सर्व्हिस लाइनपाशी जाऊन उभा राहिला, लोक हसायला लागले, आणि लेंडलने डबल फॉल्ट केला. ४-६, ४-६, ६-३, ६-३, ६-३. त्याच स्पर्धेचा तो पुढे विजेता झाला. आपल्या बाजूला कुठे उभं राहायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. डोकं वापरणं म्हणजे अडथळा नाही. हात हलवणं, पाय आपटणं, रॅकेट नाचवणं, ज्याचा खेळण्याशी काही संबंध नाही फक्त समोरच्याचं लक्ष जावं म्हणून केलेलं, ते वेगळं.

शिवाय मागायचं तर तत्काळ थांबून मागायचं. आधी शॉट मारून बघायचा, आत गेला तर पुढे खेळायचं आणि नेटमध्ये गेला तर "हिंड्रन्स", असे दोन दोन चान्स मिळत नाहीत. इथे प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या मुलीने बॉल मारला आणि मग ती थांबली. धावता धावता हात गेला, का आधी नशीब आजमावलं, मला ठरवता येत नाही. त्या बाबांनी हा मुद्दा काढला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण ते "मुद्दाम" वरच अडकले आणि मीही. आणि समोरच्याला अडथळा झाला असेल असं वाटून आपणच थांबलो, तर पॉइंट आपला गेला, हेही पुस्तकात आहे. भलेपणाचासुद्धा नियम असतो म्हणायचं.

हे सगळं वाचून झाल्यावर वाटलं आता मला कळलं. मग महिन्याभराने दुसऱ्या एका स्पर्धेत माझी मुलगी खेळत होती, समोर तिच्यापेक्षा वर्षाने लहान, पहिल्यांदाच अंडर-१४ खेळणारी मुलगी. माझ्या मुलीने लॉब टाकला, तिला वाटलं गेला वरून, आणि ती "येस!" म्हणाली. चांगलं मोठ्याने. ती छोटी पळत मागे गेली, पोचली, आणि बाहेर मारला. काही न बोलता पुढच्या पॉइंटला उभी राहिली. माझी मुलगी एक क्षण थांबली, माझ्याकडे बघितलं, मग सर्व्हिस करायला गेली. मी ऐकलं होतं. जाळीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "बाबा, मी आधी ओरडले होते." मी म्हणालो, "तिने मागितला नाही ना? मग झालं." सिग्नल सुटला, थोडं पुढे आल्यावर म्हणाली, "पण तिला माहीतच नसेल ना." मी गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. महिन्यापूर्वी जाळीवरून संस्कारांच्या गोष्टी चालल्या होत्या त्यात माना डोलावणारा तो मीच.

२००३ च्या फ्रेंच ओपन सेमीफायनलची क्लिप तुम्ही पाहिली असेल. तिसरा सेट, सेरेना ४-२, थर्टी-लव्ह, सर्व्हिस करताना समोर जस्टिन एनँने हात वर केला, थांब म्हणून. सेरेनाची सर्व्हिस नेटमध्ये गेली. अंपायरने हात बघितला नव्हता. सेरेना म्हणाली तिने हात केला होता, मला पहिली सर्व्हिस परत द्या, आणि एनँ गप्प उभी राहिली. फक्त गप्प, खोटं काही बोलली नाही. सेरेनाला दुसरी सर्व्हिस करावी लागली, गेम गेला, तो सेट ७-५ ने गेला आणि मॅचही गेली. एनँ ती स्पर्धा जिंकली, नंतर कितीतरी जिंकली, पण तो हात अजून कोणी विसरलेलं नाही. आणि २००५ ला रोममध्ये अँडी रॉडिक, व्हर्डास्कोविरुद्ध तीन मॅच पॉइंट हातात, व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस आउट दिली, म्हणजे मॅच संपली होती, आणि हा मातीवरची खूण दाखवून म्हणतो की नाही, लाइनला लागलाय बॉल. पुढे तो ती मॅच हरला. दोन्ही वेळी नियम काहीच करू शकत नव्हता, बघणारा माणूस फक्त कोर्टवरच होता. आपल्या पोरांच्या तर सगळ्याच मॅच अशा आहेत.

मी त्या छोटीच्या आईला नंतर शोधलं, सापडली नाही. सापडली असती तर काय बोललो असतो ते माहीत नाही.

तर मागणं असं आहे. पालकांनो, "मुद्दाम" हा शब्द जाळीवरून वापरायचा नाही, दोन्ही बाजूंनी. कोणाच्याही मुलाने हिंड्रन्स म्हटलं तर रेफरी येईपर्यंत गप्प बसायचं, मीही बसेन, आणि नाही बसलो तर मला ऐकवा. कोचनी वर लिहिलेलं ड्रिल करून बघावं. आणि रेफरी साहेब, मॅडम, तुम्हाला चेअर अंपायर द्या म्हणत नाही, तेवढे पैसे कुठल्याच आयोजकाकडे नसतात हे दिसतंय. पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही बॉल किती मिळणार, टायब्रेक कसा, वॉर्म-अप किती मिनिटं हे सांगता, त्यातच एक मिनिट जास्त द्या आणि मराठीत, जिथे हिंदीभाषक मुलं असतील तिथे हिंदीत, एवढं वाचून दाखवा. मी माझ्या परीने लिहिलंय, चुकलं असेल तर तुम्ही दुरुस्त करा:

"पॉइंट चालू असताना तुम्ही स्वतःहून ओरडलात आणि समोरच्याला अडथळा झाला तर पॉइंट त्याचा. यात कोणी कोणाला चीटर म्हणत नाहीये, हा फूट फॉल्टसारखा नियम आहे. टोपी पडली, खिशातून बॉल पडला तर पहिल्यांदा पॉइंट परत, दुसऱ्यांदा पॉइंट समोरच्याचा. अडथळा झाला असं वाटलं तर लगेच थांबा, हात वर करा, मला बोलवा, लाजायचं नाही. आणि आपण लवकर ओरडलो हे आपल्याला कळलं असेल तर समोरच्याने मागायची वाट बघू नका, पॉइंट देऊन टाका. बाहेर उभे असलेले कोणीही मध्ये बोलले तर मी त्यांना गेटबाहेर पाठवणार आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका प्लीज.

आपला,
एका अंडर-१४ मुलीचा बाप